पोटगीची मुदत वाढदिवसाला का संपावी?

भविष्य निर्वाह निधीचा सभासद असलेला कामगार वारला, तर १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत त्याच्या विधवेबरोबर दोन मुलांनाही पेन्शन मिळते आणि ती मूल पंचवीस वर्षांचं होईपर्यंत चालू राहते. केंद्र सरकारच्या कुटुंब निवृत्तिवेतनात पात्र मुलासाठी वयाची अट पंचवीसचीच आहे. त्याआधी तो कमवायला लागला किंवा त्याचं लग्न झालं तर ते थांबतं. आता हाच कामगार जिवंत आहे, बायकोपासून वेगळा राहतो आहे आणि कोर्टाच्या हुकमाने मुलासाठी दरमहा पोटगी भरतो आहे असं समजा. त्याची ही जबाबदारी मुलाच्या अठराव्या वाढदिवशी संपते. म्हणजे बाप गेला तर पंचविशीपर्यंत आधार, आणि बाप हयात, धडधाकट, नोकरीवर असला तर अठरापर्यंत.

हा उफराटा हिशेब कुणी मुद्दाम मांडलेला नाही. पेन्शनचे नियम करणाऱ्यांनी शिकणाऱ्या मुलांकडे पाहिलं आणि पोटगीचा कायदा करणाऱ्यांनी रस्त्यावर येऊ घातलेल्या बायकामुलांकडे. दुसऱ्या कायद्याचा हेतू उपासमार टाळणं एवढाच होता. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली महिन्याला जास्तीत जास्त पाचशे रुपये मिळत. ही मर्यादा उठायला २००१ साल उजाडलं. जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, कलमाचा आकडा १४४ झाला, पण मजकूर जवळपास तोच राहिला. अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, मुलाला पोटगी. सज्ञान झाल्यावर फक्त शारीरिक किंवा मानसिक व्यंगामुळे किंवा दुखापतीमुळे जे स्वतःचं पोट भरू शकत नाही, अशा मुलालाच. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असणं हे व्यंग नाही, त्यामुळे तो मुलगा या कलमात बसत नाही. नवी संहिता लिहिताना हे दुरुस्त करण्याची संधी आयती चालून आली होती. ती गेली.

मला म्हणायचं आहे ते एवढंच: शिकणाऱ्या मुलाची पोटगी वयाशी नव्हे, शिक्षणाच्या टप्प्याशी बांधली पाहिजे, आणि ती तरतूद घटस्फोटाच्या किंवा पोटगीच्या मूळ हुकमातच असली पाहिजे. मुलाला अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने दावा लावायला सांगणं म्हणजे हक्क दिल्यासारखं करून न देणं.

अठरा हा आकडा आपल्याकडे किती वाईट वेळी येतो ते पाहा. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण असावी लागतात. बोटं मोजली तर लक्षात येईल की या हिशेबाने शाळेत गेलेलं आणि कुठेही न अडलेलं मूल ज्या कॅलेंडर वर्षात बारावीची परीक्षा देतं, त्याच वर्षात अठराचं होतं. जानेवारीत जन्मलेल्याची पोटगी बारावीचा पेपर लिहिण्याआधीच बंद. मे-जूनमध्ये जन्मलेल्याची नीट, सीईटी आणि कॅप राउंडच्या धामधुमीत. ऑगस्टमधल्याची कॉलेजात पाय ठेवल्याबरोबर. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेल्याची गोष्ट आणखी विचित्र: तीन वर्षांच्या डिप्लोमातली दोन वर्षं पोटगी चालू असते आणि बहुतेकांना शेवटचं वर्ष तिच्याशिवाय काढावं लागतं. नोकरी हातात पडायला एक वर्ष उरलेलं असताना कायदा म्हणतो, आता तू मोठा झालास.

आणि खर्च? ज्याच्या घरात बारावीचं मूल होऊन गेलंय त्याला सांगायला नको. सातवी-आठवीच्या मुलाची फी, वह्या, रिक्षा हे महिन्याच्या पगारात कसंबसं बसतं. बारावीनंतरचा खर्च महिन्याचा नसतो, तो जून ते सप्टेंबरमध्ये एकदम अंगावर येतो. प्रवेशाची फी, वसतिगृहाचं डिपॉझिट, खाणावळीची आगाऊ रक्कम, लॅपटॉप, ड्रॉइंगचं सामान. त्याआधी कुणी लातूरला दोन वर्षं क्लाससाठी खोली घेऊन राहिलेलं असतं, त्याची उसनवारी अजून फिटायची असते. नेमक्या त्या वर्षी घरातली एक मिळकत कायद्याने शून्य होते. राहतं मूल ज्याच्याकडे, भार त्याच्यावर. आणि बहुतेक घरांत ते आईकडे राहतं.

मुलींचं काय, असं कुणी विचारेल, कारण त्यांना कायद्याने थोडं अधिक दिलंय. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० प्रमाणे अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईवर किंवा मालमत्तेवर जगू शकत नसेल, तर अठरानंतरही तिच्या निर्वाहाची जबाबदारी आईवडिलांवर राहते, आणि या कायद्यातल्या निर्वाहाच्या व्याख्येत शिक्षण स्पष्टपणे येतं. हा कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. मुस्लिम मुलींसाठीही सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये लग्न होईपर्यंत निर्वाहाचा हक्क मान्य केला. ऐकायला हे बरं वाटतं. पण या हक्काची मुदत कशाने संपते ते बघा: शिक्षणाने नाही, लग्नाने. एकोणीस वर्षांच्या मुलीची पदवी अर्धी असताना तिचं लग्न लावून दिलं, की बापाच्या डोक्यावरचं ओझं त्याच दिवशी कायदेशीर उतरतं. कायद्यानेच बापाला मुलगी लवकर उजवण्याचं कारण हातात दिल्यासारखं आहे. मुलीचं लग्न म्हणजे जबाबदारी एका घरातून दुसऱ्या घरात सरकवणं, ही १९५६ ची समजूत त्या कलमात अजून जिवंत आहे. त्याच समजुतीची दुसरी बाजू मुलाच्या वाट्याला येते: तो पुरुष आहे, अठराचा झाला, आता हातपाय हलवेल. गंमत अशी की लग्नाचा कायदा त्याला एकवीस पूर्ण होईपर्यंत लग्नाची परवानगी देत नाही. संसार थाटण्याइतका तो पक्का नाही, पण स्वतःची फी स्वतः भरण्याइतका आहे.

न्यायाधीशांना ही विसंगती दिसत नाही असं नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सज्ञान, अविवाहित आणि शिकणाऱ्या मुलीसाठी आईला पोटगी मागू दिली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र स्पष्ट केलं की व्यंग वगैरे काही नसलेल्या सज्ञान मुलीला कलम १२५ वापरता येणार नाही, तिने १९५६ च्या कायद्याचा मार्ग धरावा. हे दोन मार्ग सारखे नाहीत. पहिला झटपट निकालासाठी आखलेला, तर दुसरा दिवाणी दाव्याचा, आपल्या चालीने जाणारा. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात मुलाच्या बाबतीतही पाऊल पुढे टाकलं: आजच्या काळात मूळ पदवी कॉलेज संपल्यावरच हाती येते, तेव्हा अठरापर्यंतची पोटगी पुरेशी नाही, असं म्हणून पहिली पदवी पूर्ण होईपर्यंत खर्च द्यायला वडिलांना सांगितलं. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने वेगळी वाट काढली. मुलगा अठराचा झाला म्हणून त्याचा सगळा भार आईने उचलावा हे बरोबर नाही, असं म्हणून त्यांनी मुलाची पदवी पूर्ण होईपर्यंत किंवा तो कमवू लागेपर्यंत आईला दिली जाणारी रक्कम वाढवली. जानेवारी २०२५ मध्ये आयर्लंडला शिकणाऱ्या एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आईवडिलांकडून शिक्षणाचा खर्च मिळवणं हा मुलीचा कायद्याने वसूल करता येणारा हक्क आहे असं म्हटलं. तिथे वडिलांनी दिलेले ४३ लाख रुपये ती स्वाभिमानापोटी परत करायला निघाली होती. न्यायालयाने ते तिचेच ठरवले.

निकाल चांगले आहेत. पण निकालांवर जगायचं तर वकील लागतो, आणि वकील लागला की पैसा आणि वर्षं लागतात. दिल्लीच्या न्यायालयाला मुलाचा खर्च आईच्या रकमेतून वळवून द्यावा लागला, यातच कायद्यातली फट दिसते. एखाद्या तालुक्याच्या न्यायालयात बापाचा वकील उभा राहून कलमातली सज्ञान मुलासाठीची व्यंगाची अट वाचून दाखवतो, आणि समोरच्या बाईला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल शोधून, छापून, समजावून द्यावा लागतो. तोही त्या विशिष्ट प्रकरणातल्या परिस्थितीपुरता होता, हे उत्तर तयारच असतं.

इथे या व्यवस्थेतली सगळ्यात क्रूर गोष्ट येते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. मूल लहान असतं तोवर त्याच्या वतीने आई अर्ज करते. अठरा पूर्ण झाले की कायद्याच्या दृष्टीने तो स्वतंत्र माणूस असतो. दाद मागायची तर त्यानेच मागायची. म्हणजे आदल्या महिन्यापर्यंत ज्याला आईबापाच्या भांडणापासून दूर ठेवायला सगळे झटत होते, कुटुंब न्यायालयातले समुपदेशकसुद्धा ‘मुलाला मध्ये आणू नका’ म्हणून सांगत होते, त्यालाच आता सांगायचं: बापाविरुद्ध अर्ज लिही, सही कर, पिंजऱ्यात उभा राहा, उलटतपासणी दे. बापाचा वकील त्याला विचारणार, बारावीला किती टक्के पडले? क्लासला न जाता कुठे हिंडत होतास? वडिलांच्या वाढदिवसाला फोन केला होतास का? बहुतेक मुलं हे करत नाहीत. ती गप्प बसतात, बीसीए सोडून बीएला जातात, किंवा संध्याकाळी डिलिव्हरीचं काम धरतात. दावे कमी येतात याचा अर्थ गरज कमी आहे असा काढणारे लोक भेटतात. त्यांनी एखाद्या अठरा वर्षांच्या पोराला स्वतःच्या बापाचं नाव प्रतिवादी म्हणून लिहायला सांगून पाहावं.

उलट दिशेला पाहिलं तर कायद्याला वयाचं काहीच वावडं नाही. त्याच पोटगीच्या कलमात म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी मुलांवर आहे, आणि ती योग्यच आहे. १९८७ मध्ये कल्याणच्या एका डॉक्टर मुलीने हे आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं होतं; वडिलांनी दुसरं लग्न केलेलं, ते त्या बायकोबरोबर राहत होते, तरीही लग्न झालेल्या मुलीवर त्यांना सांभाळण्याची जबाबदारी येते असा निकाल लागला. २००७ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळा कायदाही झाला. बापाला गरज असेल तेव्हा मुलगी कितीही मोठी, लग्न झालेली, दुसऱ्या घरची असली तरी नातं टिकतं. मुलाला गरज असेल तेव्हा ते अठराला तुटतं. ज्या बापाने एकोणिसाव्या वर्षी फी नाकारली, तोच पन्नाशीनंतर त्याच मुलाविरुद्ध अर्ज करू शकतो. असं मी ओढूनताणून म्हणत नाही. कलमात दोन्ही शेजारी शेजारी लिहिलेलं आहे.

आता बापांची बाजू. ती खोटी नसते, म्हणून तिच्यावरून झपाट्याने पुढे जाणं बरं नाही.

पहिला आक्षेप सगळ्यात दमदार आहे आणि तो वकिलांपेक्षा साधी माणसं अधिक नेमका मांडतात: एकत्र राहणाऱ्या कुटुंबात बाप म्हणाला, ‘मी नाही पाठवत कॉलेजात’, तर कुठला कायदा त्याला अडवतो? मग फक्त घटस्फोटितालाच का धरायचं? एक तर हक्क मुलाचा आहे, घटस्फोटाचा नाही. १९५६ चा कायदाही आईवडील एकत्र आहेत की वेगळे हे विचारत नाही. एकत्र राहणाऱ्या घरातल्या मुलालाही तो मागता यावा, असंच मी म्हणेन, जरी हजारात एखादाच मागेल. पण व्यवहार बघा. एकत्र घरात बाप फी नाकारतो तेव्हाही मूल त्याच्या छताखाली झोपतं, त्याच कुकरमधला भात खातं, आजी हळूच पाचशेची नोट देते, काका मध्ये पडतो. नकाराला तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांची, नातलगांची लाज आड येते. घर मोडल्यावर यातलं काही उरत नाही. उरतो तो फक्त महिन्याचा हप्ता. तो गेला की सगळंच गेलं. शिवाय घर मोडताना न्यायालयाने मुलाचा ताबा, भेटीचे दिवस, दागिने, फ्लॅट या सगळ्याची वाटणी आधीच केलेली असते. इतकं केल्यावर शिक्षणाच्या शेवटच्या चार वर्षांपाशी हात झटकणं याला तत्त्व म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप दुखऱ्या मनातून येतो. पोरगं माझा फोन उचलत नाही, माझं आडनाव लावत नाही, आणि मी त्याची फी भरायची? लहान मुलाच्या बाबतीत भेट आणि पोटगी या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. भेटू दिलं नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. हे बरोबर आहे. पण एकोणीस-वीस वर्षांच्या मुलावर थोडी जबाबदारी टाकायला हरकत नाही, असं मला वाटतं. प्रेम करायची सक्ती नको. पण जो खर्च उचलतो आहे त्याला प्रवेश कुठे घेतला, निकाल काय लागला, फीची पावती काय म्हणते, एवढं कळवायला हवं. बापाला एटीएम केल्याचा राग अनेकदा पैशापेक्षा या न कळण्याचा असतो. मुलांनी आणि आयांनीही हे मान्य करावं; काही आया निकालपत्रसुद्धा लपवतात आणि त्यातून कुणाचंच भलं होत नाही.

तिसरा प्रश्न: शिक्षण संपतं कधी? पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये सहा-सहा वर्षं राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलांना बघून कुठलाही बाप घाबरेल. माझं उत्तर सरळ आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी यात धरू नये. पहिली पदवी, पदविका किंवा आयटीआयचं प्रमाणपत्र, यातलं जे घेतलं ते पूर्ण होईपर्यंत. नीटसाठी एखादं वर्ष थांबणं आता इतकं सर्रास झालंय की एका वर्षाची सवलत हवी, दोनची नको. वर्ष गेलं, विषय राहिले, तर पुन्हा एकदा संधी, त्यापुढे मुलाचं तो बघेल. वयाची बाहेरची कड तेवीस धरली तर तीन-चार वर्षांचे बहुतेक अभ्यासक्रम त्यात येतात. साडेपाच वर्षांच्या एमबीबीएससाठी अपवाद लिहावा लागेल. पंचवीस म्हणायचा मोह होतो, पेन्शनच्या नियमांना धरून. पण जिवंत माणसाच्या पगारावर हुकूम चालवताना थोडा संयम बरा.

गरीब बापाचा प्रश्न या सगळ्यांत खरा आहे. पोटगीची प्रकरणं फक्त आयटीतल्या जोडप्यांची नसतात. रिक्षा चालवणारा, सिक्युरिटीत उभा राहणारा, दुसरं लग्न होऊन दोन लहान मुलं असलेला बापही असतो. त्याला खासगी कॉलेजची फी भरायला सांगणं म्हणजे धाकट्यांच्या तोंडचा घास काढणं. म्हणून रक्कम मिळकतीच्या प्रमाणातच ठरली पाहिजे, आणि दोघांच्या मिळकतीच्या प्रमाणात. २०२० च्या ज्या निकालाने देशभर पोटगीची चौकट घालून दिली, तो नागपूरच्या एका प्रकरणातून निघाला. त्याने दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र देणं सक्तीचं केलं, मुलांच्या शिक्षणाचा खर्च सहसा वडिलांनी करावा असं म्हणतानाच आई पुरेशी कमावत असेल तर तो प्रमाणात वाटून घेता येईल असंही म्हटलं, आणि क्लासचा वाजवी खर्च धरा पण उधळपट्टी नको, हेही सांगितलं. तोच हिशेब अठरानंतर पुढे न्यायचा. आई पन्नास हजार कमावते आणि बाप वीस, तर आईने जास्त द्यावं. इथे बायकांच्या बाजूने बोलणाऱ्या काही जणी नाराज होतील. पण मुलाचा हक्क मांडायचा तर तो दोघांकडे मांडायला हवा. फक्त मिळकत मोजताना एक गोष्ट विसरू नये: सुट्टीत घरी आलेल्या मुलाचं जेवण, आजारपण, जाण्यायेण्याचं तिकीट हे ज्याच्या घरी तो येतो त्याच्या खिशातून जातं आणि त्याची पावती कुठे नसते.

‘अठराचा झाला, कमवू दे आणि शिकू दे’ असंही म्हणतात, आणि त्याला कर्मवीर भाऊराव पाटलांचा दाखला देतात. रयत शिक्षण संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’मधून घडलेली माणसं आपल्याला अभिमानाची वाटतात, वाटायलाच हवीत. पण ती योजना ज्यांचे आईबाप देऊ शकत नव्हते त्यांच्यासाठी होती. देऊ शकणाऱ्या आणि न देणाऱ्या बापाला सुटका मिळावी म्हणून कर्मवीरांनी ती काढली नव्हती.

सरकार मदत करतं ना, हेही एक उत्तर मिळतं. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. चांगलं झालं. पण त्यात राहणं, जेवण, पुस्तकं येत नाहीत आणि मुलगे तर येतच नाहीत. त्याहून मजेची गोष्ट म्हणजे उत्पन्नाचा दाखला. वेगळ्या राहणाऱ्या, छदाम न देणाऱ्या बापाचं उत्पन्न त्यात धरायचं की नाही, या प्रश्नापाशी आई आणि मुलगी तहसील कार्यालयात हेलपाटे घालतात. खर्चाच्या वेळी नसलेला बाप सवलतीच्या वेळी मात्र कागदावर हजर होतो.

जगात याची उत्तरं वेगवेगळी आहेत. ब्रिटनमध्ये मूल शाळेच्या पातळीचं शिक्षण पूर्णवेळ घेत असेल तर मुलाची पोटगी विसाव्या वर्षापर्यंत चालते; विद्यापीठ त्यात येत नाही. जर्मनीत आईबापांवर मुलाच्या पहिल्या व्यवसायशिक्षणाची जबाबदारी आहे, आणि तिथल्या न्यायालयांत १९६२ पासून वापरात असलेल्या ड्युसेलडॉर्फच्या तक्त्यात अठरापुढच्या मुलांसाठी वेगळा रकाना आहे. बापाची मिळकत पाहा, मुलाचं वय पाहा, आकडा वाचा. मला यातला उदारपणा तितका भावत नाही जितका त्यातला कोरडेपणा. तक्ता असला की भांडण कमी होतं. आपल्याकडे प्रत्येक जोडप्याला आपला आकडा वर्षानुवर्षं भांडून मिळवावा लागतो.

तर कलम १४४ मध्ये दुरुस्ती हवी: सज्ञान पण शिकत असलेलं मूल, मुलगा असो की मुलगी, पहिली पात्रता मिळवेपर्यंत त्यात यावं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ आणि विशेष विवाह कायद्याच्या कलम ३८ मध्ये मुलांचा निर्वाह आणि शिक्षण यांच्यापुढे ‘अज्ञान’ हा शब्द आहे, तोही बदलावा. मूळ हुकमातच ‘शिक्षण चालू असेल तर पुढे चालू’ असं लिहिलं गेलं, तर अठराव्या वर्षी मुलाने काहीच करायला नको. प्रवेशाचा पुरावा दरवर्षी दाखल केला की झालं. थांबवायचं असेल तर अर्ज बापाने करावा. दाव्याचं ओझं कुणावर पडतं यावर निम्मे हक्क टिकतात किंवा मरतात, म्हणून ही बाब मला कलमाच्या शब्दांइतकीच महत्त्वाची वाटते. पैसे थेट मुलाच्या खात्यावर किंवा कॉलेजच्या खात्यावर गेले तर ‘ती उडवते’ हा जुना वादही संपेल. वसुलीची एक अटही सैल करायला हवी. आज या कलमाखाली थकलेली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. हॉस्टेलवर राहून सेमिस्टरची परीक्षा देणाऱ्या मुलाला वर्षाच्या आत कोर्टाची पायरी चढायला लावणं फार झालं.

संसद हे कधी करेल ते करो. दरम्यान रोज कुठे ना कुठे कुटुंब न्यायालयात परस्परसंमतीच्या घटस्फोटाच्या अटी टाइप होत असतात, आणि त्यांत ‘मूल सज्ञान होईपर्यंत’ हे शब्द सवयीने पडतात. जोडप्याचं मूल तेव्हा चार-पाच वर्षांचं असतं. ते कधी अठराचं होईल हे दोघांनाही खरं वाटत नाही, दोघांना तिथून लवकरात लवकर सुटायचं असतं, आणि वकिलाकडे जुनी फाइल तयार असते. त्या एका ओळीच्या जागी दुसरी लिहायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही: पहिली पदवी किंवा पदविका पूर्ण होईपर्यंत, दरवर्षी ठरावीक वाढीसह, प्रवेशाची फी आणि वसतिगृह वेगळं, दोघांत अमुक प्रमाणात. मुलाचा वाटा आईने रागाच्या भरात सोडून देऊ नये. ‘मला त्याचा एक पैसा नको’ हे वाक्य स्वतःपुरतं बोलायला छान आहे, मुलाच्या वतीने बोलायचा अधिकार तिला नाही.

आणि त्याच कागदावर आणखी एक ओळ घालावी, जी पैशाची नाही. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर महाराष्ट्रात जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि पडताळणी समिती सहसा वडिलांकडच्या नात्यातले पुरावे मागते: वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांच्या नोंदी, चुलत्याची वैधता असेल तर ती. बारावीनंतर प्रवेशाची मुदत टळत आलेली असताना या कागदांसाठी माजी सासरी फोन करणाऱ्या बायका कितीतरी आहेत, आणि ‘बघू’ म्हणून ते कागद अडवून ठेवणारे बापही आहेत. पोटगीचा हप्ता चुकला तर निदान वॉरंट काढता येतं. मुलाच्या जन्माचा दाखला, वडिलांच्या बाजूची जातीची आणि रहिवासाची कागदपत्रं यांच्या साक्षांकित प्रती घटस्फोटाच्या वेळीच दोघांकडे राहतील, आणि पुढे लागेल ते प्रतिज्ञापत्र वडील अमुक दिवसांत करून देतील, एवढं त्या अटींमध्ये लिहून घ्यायला वकिलाला दहा मिनिटं लागतात.